“बोगदा येतोय, कट होईल” : ठाणे-कल्याण मार्गावरचं नेटवर्किंग

“बोगदा येतोय, कट होईल. बाहेर आल्यावर मीच करते, तू करू नकोस.”

२०२२ च्या आधी तुम्ही ठाणे-डोंबिवली प्रवास फास्ट लोकलने केला असेल, तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलंय आणि बहुतेक बोललंयही. ठाणं सुटलं, खाडी मागे पडली की पारसिकचा बोगदा यायचा. १९१६ साली सुरू झालेला, साधारण १.३ किलोमीटर लांबीचा. आत शिरलं की रेंज गायब. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, फास्ट लोकल बोगदा सोडून मुंब्र्याकडच्या नव्या रुळांवरून जायला लागल्या आणि हे वाक्यही मागे पडलं.

मी कम्प्युटर नेटवर्कमधल्या गर्दीवर पीएच.डी. करतेय. “म्हणजे नेमकं काय करतेस?” असं कोणी विचारलं की मी आता याच वाक्यापासून सुरुवात करते, कारण माझ्या विषयातल्या निम्म्या संज्ञा त्यात आहेत. पुस्तकात त्या जाड ठशात येतात, आणि वाचताना असं वाटतं की हे सगळं १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत जन्माला आलं. त्यातलं काही खरंच तिथे जन्मलं. पण त्यामागचे प्रश्न फार जुने आहेत. एकच वाट आहे, वापरणारे अनेक आहेत, आणि दोन्ही टोकांना एकमेकांचं काही दिसत नाही, मग ठरवायचं कसं? ठाणे-कल्याण मार्गावर हा प्रश्न १८५० च्या दशकापासून रोज सोडवला जातोय.

प्रोटोकॉल आणि पोच

मंत्रालयात प्रोटोकॉल म्हणजे राजशिष्टाचार, म्हणजे कोण आधी बोलणार, कोण कुठे बसणार. नेटवर्कमध्येही अर्थ तोच. दोन यंत्रांनी बोलायचं कसं याचा आधीच ठरलेला करार म्हणजे प्रोटोकॉल. वरच्या वाक्यात तो पूर्ण आहे बघा : मार्ग तुटणार आहे याची सूचना, पुन्हा कधी बोलायचं ते आणि कोणी सुरुवात करायची ते.

आता थोडं मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. ठाण्याच्या खाडीवर पूल झाला आणि १ मे १८५४ ला गाडी कल्याणपर्यंत पोचली. गाडी चालवण्यात एक मूलभूत अडचण असते : ती चटकन थांबत नाही. पुढे गाडी उभी आहे हे ड्रायव्हरला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे पुढची वाट मोकळी आहे हे त्याला डोळ्यांनी नाही, निरोपाने कळायला हवं, आणि तो निरोप गाडीपेक्षा वेगाने पुढे जायला हवा.

असा निरोप नेणारं साधन तेव्हा नुकतंच आलं होतं. १८३९ मध्ये लंडनमध्ये पॅडिंग्टन ते वेस्ट ड्रेटन या रेल्वेमार्गावर कुक आणि व्हीटस्टन यांचं तारायंत्र बसलं. आपल्याकडे विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्त्याजवळ प्रयोग केले, आणि १८५५ च्या सुरुवातीला मुंबई, कलकत्ता, आग्रा, मद्रास जोडणारी तारसेवा सामान्य लोकांसाठी खुली झाली. म्हणजे ठाणे-कल्याण मार्ग आणि देशातलं तारेचं जाळं जवळपास एकाच वयाचे. गंमत म्हणजे मराठीत आपण वाहून नेणाऱ्या धातूलाही ‘तार’ म्हटलं आणि आलेल्या निरोपालाही ‘तार’च म्हटलं. नेटवर्किंगच्या पहिल्या तासाला मात्र हे दोन वेगळे करायला शिकवतात : माध्यम वेगळं, संदेश वेगळा. तांब्याची तार जाऊन काचेचा तंतू आला तरी संदेश तोच राहू शकतो.

तार हाताशी आल्यावर रेल्वेने मार्गाचे तुकडे पाडले. एका तुकड्याला म्हणायचं ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. मागच्या स्टेशनने विचारायचं, लाइन क्लिअर आहे का? पुढच्याने ‘लाइन क्लिअर’ दिली तरच गाडी सोडायची. गाडी सुटल्यावर तसं कळवायचं, ती पूर्ण पोचली की पुढच्याने तसं उलट कळवायचं. ही पद्धत आज फार साधी वाटते, पण ती सक्तीची व्हायला माणसं मरावी लागली. ब्रिटनमध्ये १८८९ साली आयर्लंडमधल्या आर्मा इथे अपघातात सुमारे ८० जण गेले आणि त्याच वर्षी कायदा आला.

मला या पद्धतीत सगळ्यात आवडतो तो प्रायव्हेट नंबर. स्टेशन मास्तरकडे दोन आकडी नंबरांचा छापील तक्ता असतो. पलीकडच्याला फोनवर महत्त्वाची खात्री देताना नुसतं ‘हो’ म्हणून चालत नाही, तक्त्यातला एक नंबर सांगावा लागतो. समोरचा तो लिहून घेतो आणि इकडे तो खोडला जातो. फाटक बंद केल्याची खात्रीही गेटमन अशीच घेतो-देतो. कारण ‘हो’ हा शब्द सवयीने तोंडातून निघतो, खरखरीत चुकीचा ऐकू येतो. नंबर सांगायला मात्र थांबावं लागतं, तक्ता बघावा लागतो. तुमच्या मोबाइलवर येणारा ओटीपी याच घराण्यातला.

इंटरनेटवर जो प्रोटोकॉल सगळ्यात जास्त राबतो, त्याचं नाव टीसीपी. तोही असंच करतो. आधी तीन निरोपांत ओळख : “बोलू का?”, “बोल, मीही बोलू का?”, “बोल.” याला हँडशेक म्हणतात. मग पाठवलेल्या प्रत्येक बाइटला क्रमांक, आणि समोरच्याने “इथपर्यंत मिळालं” अशी पोच द्यायची. पोच वेळेत आली नाही तर पुन्हा पाठवायचं. व्हॉट्सअॅपवरची दुसरी टिक आपण पोच म्हणूनच वाचतो. फक्त ती आली नाही की आपण काळजी करतो, टीसीपी मुकाट्याने पुन्हा पाठवतो.

टक्कर

“तू करू नकोस” हा भाग का लागायचा, आठवतंय? बोगद्यातून बाहेर आल्यावर दोघींनी एकदमच फोन लावला, तर दोघींनाही एंगेज टोन. मग दोघी थांबणार, आणि पुन्हा एकाच वेळी लावणार. याला आमच्याकडे कोलिजन म्हणतात, टक्कर.

रेल्वेला टक्कर परवडतच नाही, म्हणून तिने पक्की तोड काढली. एकेरी मार्गावर अनेक ठिकाणी ड्रायव्हरच्या हातात टोकन द्यायची पद्धत आली. भारतात नील्स टोकन यंत्रातला धातूचा गोळा सगळ्यांत ओळखीचा. दोन स्टेशनांवरची यंत्रं तारेने एकमेकांशी अशी बांधलेली असतात की एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. ज्याच्याकडे गोळा, त्याचाच मार्ग. १९८५ मध्ये आयबीएमने कार्यालयातले कम्प्युटर जोडायला ‘टोकन रिंग’ आणली तेव्हा कल्पना हीच होती. एक इलेक्ट्रॉनिक टोकन फिरत राहणार, आणि ते हातात आल्यावरच बोलायचं.

पण नेटवर्कवाल्यांना दुसरी चैन होती. आमच्या टकरीत कोणी मरत नाही. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरचे कम्प्युटर रेडिओने जोडले, नाव अलोहानेट. नियम सरळ : बोलायचं असेल तर बोला. टक्कर झाली, पोच आली नाही, तर थोडं थांबून पुन्हा बोला. किती थांबायचं ते मात्र प्रत्येकाने नाणं उडवल्यासारखं स्वतःपुरतं ठरवायचं, म्हणजे दोघे पुन्हा एकदम बोलण्याची शक्यता कमी. १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी यावरून इथरनेट मांडलं आणि त्यात बोलण्याआधी ऐकण्याची अट घातली. इथरनेट स्वस्त पडलं, टोकन रिंग मागे पडली. तुमच्या घरातलं वाय-फाय आजही असंच चालतं : आधी कानोसा, मग लहरीप्रमाणे थोडं थांबणं, मग बोलणं.

पत्ता आणि पुडकं

ठाण्याचा टेलिफोन कोड ०२२, कल्याण-डोंबिवलीचा ०२५१. ठाण्याचा पिन ४००६०१, डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१. खाडीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांत ‘मुंबईत की मुंबईबाहेर’ हा वाद जुना आहे, पण टपाल आणि टेलिफोन खात्याने तो आपल्यापुरता कधीच निकालात काढलाय.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, केंद्रीय संचार खात्यात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. देशात एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते डझनभर लिप्यांत, अक्षर कोणाचं कसं. त्यांनी सहा अंकांत वाट बसवली. पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसऱ्यासह छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. यातली खुबी अशी की कोलकात्यात पत्र छाटणाऱ्याला डोंबिवली कुठे आहे हे माहीत असण्याची गरजच नाही. त्याने ४ पाहिला, पत्र पश्चिमेकडच्या थैलीत टाकलं. पुढच्याने ४२१ पाहिला. शेवटचे अंक फक्त शेवटच्या माणसाने बघायचे.

राउटर हे यंत्र नेमकं हेच करतं. आयपी पत्त्याचा पुढचा भाग बघायचा आणि पुढच्या टप्प्याकडे ढकलायचं. सगळी वाट कोणालाच पाठ नसते. एक फरक लक्षात ठेवा : पिनकोडचे अंक जमिनीचा नकाशा दाखवतात, आयपीचे अंक कोणत्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या जाळ्यात आहात ते दाखवतात. म्हणून शेजारच्या दोन घरांचे आयपी पत्ते एकमेकांपासून फार लांबचे असू शकतात.

आणि जे ढकललं जातं ते पॅकेट. पूर्वीच्या ट्रंक कॉलला दोन गावांमधला एक सबंध मार्ग तुमच्यासाठी अडवून ठेवला जायचा. तुम्ही गप्प बसलात तरी तो अडलेलाच. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की संदेशाचे लहान तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता घाला आणि टपालासारखे सोडून द्या. ‘पॅकेट’ हा शब्द डेव्हिस यांचा. आपल्याकडे हे तंत्र १९८६ नंतर एर्नेट प्रकल्पातून रुजलं. जुहूची एनसीएसटी ही संस्था त्यात अग्रभागी होती, आणि तिच्या व आयआयटी मुंबईच्या दरम्यान १९८७ च्या सुमारास टेलिफोन लाइनवरून ईमेल जाऊ लागली. सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून.

रुंदी, वेळ आणि रांग

बँडविड्थ आणि लेटन्सी या दोन संज्ञांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जाहिरातीत दोघांनाही ‘स्पीड’ म्हणून मोकळे होतात.

बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची केली तर एका फेरीत जास्त माणसं जातील, पण तुम्ही कल्याणला लवकर पोचणार नाही. ही बँडविड्थ. स्लोऐवजी फास्ट पकडली तर लवकर पोचाल, डबे तेवढेच. ही लेटन्सी. घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन असूनही व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा येतो, तेव्हा दुखणं बहुतेक दुसऱ्या बाजूचं असतं.

मग हा उशीर येतो कुठून? अंतरामुळे? सीएसएमटी ते कल्याण साधारण ५४ किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर ०.२७ मिलिसेकंदात संपलं. उरलेला उशीर बराचसा रांगेतला. ठाकुर्ली सोडून गाडी कल्याणच्या बाहेर सिग्नलला उभी राहते, समोर स्टेशन दिसतंय, पंखे फिरतायत, आणि कोणी काही सांगत नाही. कर्जत, कसारा, मुंबई अशा तिन्ही दिशांच्या गाड्या एकाच जंक्शनवर फलाट मागतायत. राउटरमध्ये पॅकेट असंच उभं असतं. माझं संशोधन या रांगेबद्दल आहे.

रांगेचं गणित फसवं असतं. मार्ग ५० टक्के भरलेला असताना रांग जाणवतही नाही. ९० वरून ९५ वर गेलात तर भार थोडाच वाढतो, पण साध्या गणिती नमुन्यात सरासरी रांग दुपटीच्या आसपास जाते. १०० च्या जवळ तर ती वाढतच राहते. म्हणूनच सकाळी एक गाडी रद्द झाली की परिणाम एका गाडीपुरता राहत नाही.

गर्दी

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचं अंतर. त्यांच्यातला वेग अचानक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. रांग भरल्यामुळे पॅकेट गळत होती. पोच येत नव्हती म्हणून सगळे पुन्हा पाठवत होते, आणि त्या पुन्हा पाठवण्यानेच रांग आणखी भरत होती. प्रत्येक जण नियमाने वागत होता आणि सगळे मिळून अडकले होते. याला म्हणतात कन्जेशन कोलॅप्स.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात मांडलेला उपाय आजही तुमच्या फोनमध्ये आहे. पाठवणाऱ्याने थोड्याने सुरुवात करायची, पोच येत राहिली तर हळूहळू वाढवायचं, आणि पॅकेट गळलं की वेग लगेच निम्म्यावर आणायचा. बघा, त्यासाठी मधला मार्ग एका इंचाने रुंद करावा लागला नाही. बदललं ते टोकाला बसलेल्याचं वागणं. पॅकेट कधी निघावं हे पॅकेट ठरवत नाही, पाठवणारा ठरवतो. म्हणून आवर घालायचा तो त्यानेच.

इथे माझं रूपक संपतं, आणि ते कुठे संपतं हे सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येत नाही. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. किमान चार जणांचा जीव गेला. माझ्या विषयात ‘लॉस’ ही सामान्य गोष्ट आहे. इंटरनेट उभंच या गृहीतावर आहे की काही पॅकेट गळतील आणि पुन्हा पाठवली जातील. रेल्वेने दीडशे वर्षं ब्लॉक, टोकन, प्रायव्हेट नंबर या सगळ्यांतून गाडीला गाडी लागू नये याची तजवीज केली. गाडीच्या आतल्या माणसाला मात्र आपण पॅकेटसारखं भरत राहिलो, आणि माणूस पुन्हा पाठवता येत नाही.

अशा वेळी “लोक दारात लटकतातच का?” हा प्रश्न हमखास येतो. मला तो पॅकेटला जाब विचारण्यासारखा वाटतो. ८.२० ची लोकल धरायलाच हवी ही वेळ डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या बाईने ठरवलेली नसते. ती ठरते कार्यालयाच्या हजेरीच्या यंत्रावर. पाठवणारं टोक ते आहे. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये स्वतःच्या मुख्यालयाच्या वेळा दोन भागांत वाटल्या आणि इतर आस्थापनांनाही वेळा बदलण्याचं आवाहन केलं. जेकबसन यांच्या भाषेत सांगायचं तर एका प्रेषकाने आपला वेग आवरला आणि इतरांना तसं करायला सांगितलं. टीसीपी चालतो कारण जवळजवळ सगळेच आवरतात. एकट्याने आवरून रांग हलत नाही.

नवे रूळ नकोत असं मी म्हणत नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका हवीच होती, अजूनही हव्या आहेत. पण माझ्या विषयाचा अनुभव असा की रुंदी वाढवली की ती भरते, आणि टोकांनी शिस्त पाळली नाही तर रांग पुन्हा तिथेच उभी राहते.

“बाहेर आल्यावर मीच करते, तू करू नकोस.” कोणी शिकवलं नव्हतं, पण मार्ग आपल्या एकटीचा नाही हे धरून दोन टोकांनी आपसात ठरवलं होतं. कॉन्फरन्समध्ये मी यालाच कन्जेशन कंट्रोल म्हणते.